पिवळे वासे

मालवणच्या डॉक्टरांनी सत्यवतीच्या पाठीला नळी लावली आणि खोल श्वास घ्यायला सांगितलं. तिने घेतलेला श्वास अर्ध्यावर अडला आणि खोकला होऊन बाहेर आला. डॉक्टर थांबले. उबळ संपल्यावर त्यांनी नळी दुसऱ्या जागी लावली.

"विडी ओढता का?"

सत्यवती लाजली. तिने दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघितलं. "नाय ओ. मशेरी लावतंय तेवढी."

"घरात चूल आहे?"

"चुलीशिवाय जेवतलंव काय?" गंगाराम दारातून म्हणाला.

डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. सत्यवती आपल्या बरगड्या पहिल्यांदाच बघत होती. त्या परक्या माणसासमोर अशा उघड्या दिसतायत म्हणून तिने पदर ओढून घेतला.

"दिवसाला तीस विड्या ओढणाऱ्याची छाती अशी असते. हा चुलीचा धूर आहे. गोळ्या देतो, पण गोळ्यांनी धूर निघत नाही. आणखी दोन पावसाळे असे चुलीपुढे काढलेत, तर तिसऱ्याला माझ्याकडे यायची गरज राहायची नाही." हे सगळं त्यांनी चिठ्ठी लिहिता लिहिता सांगितलं.

"मगे करूचा काय?" गंगारामने विचारलं.

"गॅस घ्या."

गंगारामने मान हलवली. गॅसच्या यादीत मुलाचं, रविकांतचं नाव घालून तीन वर्षं झाली होती. रविकांत गोव्याला एका हॉटेलच्या रांधपात, म्हणजे स्वयंपाकघरात, कामाला होता. तिथे त्याला चार चार शेगड्या एकदम पेटवायला लागत आणि घरी मात्र एकीचाही पत्ता नव्हता.

एसटीत बसल्यावर सत्यवतीने विचारलं, "तिसऱ्या पावसाळ्याचा काय म्हणाले ते?"

"पावस बरो पडतलो म्हणाले," गंगाराम म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

घर समुद्रापासून दोन माड आत होतं. मातीच्या भिंती, वर अर्धगोल कौलांचे नळे. या घरात सून म्हणून आल्यापासून, म्हणजे तीस वर्षं, सत्यवती त्याच चुलीपुढे बसत आली होती. रांधपाच्या खोलीला खिडकी नव्हती. धूर वर जायचा, माळ्यात घुटमळायचा आणि नळ्यांच्या फटींतून हळूहळू बाहेर पडायचा. सकाळी लांबून बघितलं तर सगळं छप्परच पेज शिजवतंय असं वाटे. वरचे बांबूचे वासे डांबर फासल्यासारखे काळे होते आणि बोटाने वाजवले तर लोखंडासारखे खणकत.

माळ्यावर तिची पावसाळ्याची बेगमी असायची. चैत्र-वैशाखात ती रापणीवरून, म्हणजे किनाऱ्यावर दोरांनी ओढलेल्या जाळ्यावरून, बांगडे, तारले आणि गोलमो नावाचा बारीक जवळा घ्यायची, मीठ लावून पुळणीच्या वाळूवर सुकवायची आणि विणलेल्या हाऱ्यांत भरून चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची. पुढचे चार महिने समुद्र बंद. रापणीचा दोर गुंडाळून ठेवला की गंगारामच्या हाताला काम नसे. मग घर सत्यवतीच्या हाऱ्यांवर चाले. कट्टा गावच्या आठवडा बाजारात तिच्या खाऱ्या बांगड्याला धुराचा वास असे आणि त्या वासासाठीच घाटाकडच्या बायकासुद्धा तिच्यापाशी थांबत.

हे सगळं धुराचं काम आहे, असं तिला वेगळं माहीत नव्हतं. हात आपले आहेत हे जसं वेगळं माहीत नसतं, तसंच.

डॉक्टरांकडून आल्यावर चौथ्या दिवशी शेजारचे बाप्तिस्त मास्तर आले. ते निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. एकटेच राहत. घरात पुस्तकं इतकी की पाहुण्याला बसायला खुर्ची रिकामी करावी लागे, म्हणून ते कुणाला बोलवत नसत. ते आले, पडवीच्या पायरीशी उभे राहिले आणि हातातली पातळशी पुस्तिका एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले.

"बसा ओ मास्तरानू," गंगाराम म्हणाला. "उभ्यान काय शाळा घेतास?"

मास्तर बसले. म्हणाले, "सत्यवतीबायच्या छातीचा आयकलंय. माझी भाची कुडाळाक एका संस्थेत आसा. ते लोक बिनधुराची चूल बांधून देतत. दोन तोंडां, आणि धूर पाइपातून छपराच्या वर. लाकूड निम्म्यान कमी लागता, असा हयसर लिवलेला आसा."

"पुस्तकातली चूल पेज शिजयता मा?"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी ते मनावर घेतलं. "मी वाचलेला सांगतंय, गंगाराम. चूल मी जन्मात पेटवूक नाय. माझा चुकात पण. तुमी इचार करा."

आतून सून अक्षदा चहा घेऊन आली. तिच्या आणि रविकांतच्या लग्नाला वर्ष झालं होतं. ती म्हणाली, "माझ्या म्हायेरा एकाकडे आसा तशी. भांडी काळी होणत नाय."

"बघ," सत्यवती आतून म्हणाली आणि खोकली. खोकला बराच वेळ चालला. तो संपल्यावर गंगाराम म्हणाला, "सांगा तुमच्या भाचयेक."

कुणकेश्वरची जत्रा झाली त्या आठवड्यात दोन गवंडी आले. जुनी चूल फोडण्याआधी सत्यवतीने तिला हळद-कुंकू लावलं. कुदळीचा पहिला घाव गंगारामने घातला. आत माती भाजून भाजून विटेसारखी लाल झाली होती. ती माती कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून सत्यवतीने घमेल्यात भरली आणि परसातल्या माडाच्या आळ्यात नेऊन ओतली. दोन खेपांत तिचा श्वास भरला. ती माडाला टेकून उभी राहिली.

"झाडाक धरून कित्या उभी? आता तर तुका राणी करून बसवची आसा," गंगाराम म्हणाला.

"राणयेक मशेरी हाडून दे आधी."

गवंड्यांनी छपराला भोक पाडलं, सिमेंटचा पाइप उभा केला आणि वर पत्र्याची टोपी बसवली. तिसऱ्या दिवशी चूल पेटली. सत्यवती फुंकणी घेऊन तयार बसली होती. फुंकणी लागलीच नाही. पाइपाने जाळ ओढून घेतला, आत भुर्रर्र आवाज झाला आणि धूर गेला कुठे ते कळेना. ती बाहेर आली आणि वर बघितलं. टोपीखालून एक बारीक, निळी रेघ समुद्राकडे निघाली होती.

"गो बाय," ती म्हणाली. "मरणासारखा साफ जळता."

चुलीचं तोंड लहान होतं. पूर्वी ती झावळीचा अख्खा पिडा, म्हणजे जाड देठ, चुलीत घालून जळेल तसा पुढे सारायची, आता वीत वीत तुकडे करावे लागत. रोज दुपारी अक्षदा परसात कोयती घेऊन बसायची. तिच्या तळहातांना फोड आले, फुटले, घट्टे झाले. पण सरपण खरंच निम्म्याने लागू लागलं. होळीला रचलेली लाकडांची रास वैशाखात अजून कमरेएवढी होती. मास्तर कुंपणापलीकडून ती रास बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "कमी लागतत मा लाकडां?" आणि "व्हय" म्हटल्यावर ते घाईघाईने आत गेले, जणू कुणी त्यांचं कौतुक करील अशी भीती वाटली.

सत्यवतीचा खोकला उतरला. पहाटे उठून पाणी भरताना ती थांबेनाशी झाली. एक दिवस रापणीवर बांगडा लागला तेव्हा पाटी डोक्यावर घेऊन ती पुळणीवरून घरापर्यंत एका दमात आली. पाटी उतरवली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण वाटेत कुठे थांबलो नाही. ती तशीच उभी राहिली. अक्षदाने विचारलं, "काय झाला, आये?"

"काय नाय," सत्यवती म्हणाली. "काय झाला नाय ताच बघतंय."

मे महिन्यात नळे परतायला काढले. रांधपावरचे सहा वासे भिंतीकडच्या टोकाला जुने होऊन फाटले होते. गंगारामने मळ्यातल्या बेटातून नवे बांबू तोडून आणले, तासले आणि चढवले. काळ्या वाशांमध्ये ते सहा पिवळेधमक दिसत होते, म्हाताऱ्याच्या तोंडात नवे दात बसवावेत तसे.

"उटून दिसतत," अक्षदा खालून नळे देताना म्हणाली.

"दोन पावसाळे धूर खातले काय काळे होतले," गंगाराम वरून म्हणाला. "मगे त्यांका किडो दात लावणा नाय."

त्याच्या बापाने त्याला हेच सांगितलं होतं, म्हणून तो म्हणाला. पाइप त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावर होता. त्या पाइपाला एक हात धरूनच तो पुढच्या वाशाकडे सरकला. सत्यवती खाली बांगड्यांना मीठ लावत होती. तिनेही ऐकलं. तिघांपैकी कुणाच्याच ते ध्यानात आलं नाही.

पाऊस मृगात लागला आणि आषाढ लागेपर्यंत थांबला नाही. कपडे वाळेनात. भिंतींना हात लावला तर ओल बोटांना लागे. आषाढातल्या पहिल्या बाजाराला सत्यवतीने अक्षदाला माळ्यावरचा हारा उतरवायला सांगितलं.

अक्षदाने हारा खाली ठेवला आणि झाकणाचा गोणपाट काढला. आधी वास आला. बांगड्यांवर पांढरी लव होती, खालच्या थरात हिरवी. सत्यवतीने एक उचलला. तो तिच्या हातात वाकला. खारा बांगडा वाकत नाही, मोडतो.

दोघींनी सगळं अंगणात काढलं. पाऊस थोडा थांबला होता. गोलम्याचा लगदा झाला होता. तो अक्षदाने न विचारताच माडात नेऊन टाकला. वरच्या थरातले बरे बांगडे सत्यवतीने फडक्याने पुसले, पुन्हा मीठ चोळलं आणि पाटीत लावले. चार हाऱ्यांतून एक पाटी निघाली.

कट्ट्याच्या बाजारात ती तिच्या नेहमीच्या जागी, पिंपळाच्या पाराशी बसली. तुळसा नावाची एक शेतकरीण दर वर्षी पहिलं गिऱ्हाईक असायची. ती आली, बांगडा नाकाला लावला आणि तिने सत्यवतीकडे बघितलं.

"गो सत्यवती, ह्येचो धूर खंय गेलो?"

"चूल बदलली, बाय."

"चूल बदललस काय घोव बदललस? ह्यो बांगडो अजून पाण्यात पवता मा गो!"

बाजूच्या बायका हसल्या. सत्यवतीही हसली. तुळसाने बांगडा परत पाटीत ठेवला. अगदी हलकेच, मान राखून ठेवला. तेच जास्त लागलं. दुपारपर्यंत सत्यवतीने पाटीवर फडकं टाकून ठेवलं, माश्या बसू नयेत म्हणून आणि कुणाला दिसू नयेत म्हणून. परत येताना एसटीत कंडक्टरने वास येतो म्हणून पाटी टपावर ठेवायला लावली. एरवी तो हे म्हणत नसे.

घरी गंगाराम पडवीत फाटकं जाळं घेऊन बसला होता. रिकामी न झालेली पाटी त्याने बघितली. त्या पावसाळ्यात तो एका सारस्वताच्या बागेत माडांना खत घालायला जाऊ लागला. दोर ओढणारा माणूस, कुदळीची सवय नव्हती. संध्याकाळी आल्यावर तो दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून बसायचा.

श्रावणात पेजेत पीठ दिसू लागलं.

पहिल्यांदा अक्षदाला वाटलं, भांडं नीट धुतलं गेलं नाही. मग चुलीच्या कठड्यावर, पाण्याच्या हंड्यावर, तिच्या स्वतःच्या केसांत. बारीक, पिवळसर, नाचणीच्या पिठासारखं. रांधपात कुणी बोलत नसलं की वरून कुरकुर ऐकू यायची. अक्षदाला पाचवा महिना होता. तिला कसल्याही वासाने मळमळे, पण या पिठाला वास नव्हता.

"आये, वरसून काय पडता गो ह्या?"

सत्यवतीने मान वर केली. नव्या वाशांवर टाचणीने टोचावीत तशी भोकं होती.

गंगारामला सांगायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पावसात भिजलेली माकडं माडावरून छपरावर उतरली. दर वर्षी उतरायची. नळे सरकायचे, गंगाराम काठी घेऊन ओरडायचा, ती जायची. या वेळी एकाने उडी मारली आणि आत कडाड् झालं. दोन वासे मधोमध मोडले आणि नळे चुलीवर आले. अक्षदा हंडा उचलायला दोन पावलं बाजूला गेली होती. तिच्या पायाला खापरी लागून रक्त आलं, तेवढंच. पेजेचं मडकं फुटलं. पाऊस सरळ चुलीत पडू लागला आणि चूल चरचरत विझली.

गंगारामने मोडका वासा हातात घेतला. वर नुसती साल होती. त्याने अंगठा दाबला, अंगठा आत गेला. आतून पीठ सांडलं.

"दोन पावसाळे धूर खातले," तो म्हणाला. स्वतःलाच म्हणाला. मग पाइपाकडे बघितलं. "आयशीचो घो! मीच म्हणालंय, आणि माकाच आयकाक येवक नाय."

संध्याकाळी बाप्तिस्त मास्तर आले. छपरावर गोणपाट आणि प्लास्टिक ताणलेलं होतं. ते रांधपाच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत.

"पुस्तकात ह्या नव्हता," ते म्हणाले.

"पुस्तक लिवणाऱ्याच्या घराक सिमेटचा छप्पर आसतला," गंगाराम म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"चूक माझी. मी इचारूक होया होता. भाचयेक, गवंड्यांका. कोणाक तरी."

"मास्तरानू," सत्यवती म्हणाली, "पाच म्हयने मी खोकल्याबगर निजलंय. तां खोटा नाय."

हे ऐकून मास्तरांना आणखीच वाईट वाटलं असावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळूच म्हणाले, "पाइपाक खालसून बोळो मारलो तर? आठवड्यातून दोन दिवस. धूर माळ्यात जायत. तेवढो वेळ सगळ्यांनी भायर बसाचा."

"आणि जाळ कोण घालतला?" गंगारामने विचारलं. "श्रावणातली ओली सोडणां, नारळाची सालां. फुकल्याशिवाय पेटणत नाय. पाइप बंद केल्यार ओढ जाता. कोणाक तरी बसूक होयाच."

मास्तरांनी चुलीच्या लहान तोंडाकडे बघितलं. हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नव्हता.

गंगारामने पुन्हा सहा बांबू तोडले. या वेळी पावसात, ओलेच. तसे तोडू नयेत हे त्याला माहीत होतं, पण गणपती तोंडावर आले होते. नवे वासे चढले, नळे चढले. मग त्याने नारळाच्या सोडणांचा घट्ट बोळा केला, फडक्यात गुंडाळला आणि पाइपाच्या खालच्या तोंडात मुठीने ठोकून बसवला. तो ठोकत असताना सत्यवती चुलीपाशी पाट घेऊन आली.

"तू नाय," गंगाराम म्हणाला.

"मगे कोण?"

गंगारामने बोळ्यावर आणखी एक मूठ मारली. अक्षदा पुढे आली आणि सासूच्या हातातला पाट तिने घेतला. "दोन दिसच तर आसत आठवड्यातले. मी बसतंय." ती बसली. फुंकणी तिने उलटी धरली होती. ती सत्यवतीनेच सरळ करून दिली.

दोन दिवसांचे चार झाले. दोन दिवसांच्या धुराने किडा मरत नव्हता, वरून पीठ पडतच होतं. सत्यवती पडवीत बसून राही. तिला काम सुचत नसे. आतून धूर आला की गंगाराम तिला अंगणातल्या तुळशीपाशी बसायला लावायचा, पाऊस असला तर मास्तरांच्या पडवीत. मास्तर तिच्यासाठी खुर्ची रिकामी करायचे आणि दोघं समोरच्या छपराकडे बघत बसायची. नळ्यांच्या फटींतून धूर निघत असे.

गणपती झाल्यावर सरपंचाचा माणूस सांगत आला, "उद्या संस्थेचे सायब येतत. गावात वीस चुली झाल्यो. पाटी लावतले. बोळेबिळे काढून ठेवा, गंगाराम. लाज काढू नका."

म्हणजे बोळा मारणारं हे एकच घर नव्हतं.

साहेब जीपमधून आले. गोरेपान, स्वच्छ शर्ट, बरोबर कॅमेरावाला. मास्तरांना ओळखीसाठी पुढे घातलं होतं. साहेबांनी रांधपात वाकून बघितलं. अक्षदाने आदल्या दिवशी चूल शेणाने सारवली होती, भिंती पुसल्या होत्या. पाइप मोकळा होता आणि चूल भुर्रर्र जळत होती.

"वा!" साहेब म्हणाले. "आजी, लाकूड किती वाचतं?"

"निम्मा," सत्यवती म्हणाली. ते खरं होतं.

"आणि धूर?"

"धूर नाही," ती शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाली.

साहेब खूश झाले. कॅमेरावाल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "या एका घरातून वर्षाला दीड टन कार्बन हवेत जायचा थांबलाय. लहान गोष्ट नाही ही. जगात सगळीकडे आता यावरच बोलणं चाललंय."

"कार्बन म्हंजे काय ओ?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. समजेल असं काहीतरी सांगायला हवं होतं. "म्हणजे... काजळीच समजा ना. तुमच्या वाशांवर पूर्वी जी बसायची ती."

सत्यवतीने वर बघितलं. मग म्हणाली, "ती होयी होती आमका."

"काय म्हणाल्या?" साहेबांनी मास्तरांना विचारलं.

बाप्तिस्त मास्तरांनी जमिनीकडे बघितलं. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना मालवणीतून मराठीत आणि मराठीतून मालवणीत नेऊन पोचवलं होतं. "बरं झालं म्हणतात," ते म्हणाले.

कॅमेरावाल्याने चुलीचा फोटो काढला. सत्यवतीला फुंकणी हातात धरायला सांगितलं आणि लगेच म्हणाला, "नको, नको, फुंकणी नको." ती बाजूला ठेवायला लावली. दाराच्या चौकटीवर हिरव्या पत्र्याची पाटी ठोकली: धूरमुक्त घर. खाली आकडा. हातोड्याच्या तिसऱ्या ठोक्याला रांधपात बारीक पीठ पडलं. साहेबांच्या खांद्यावर पडलं. त्यांनी ते झटकलं.

जीप गेली. मास्तर निघाले, पायरीशी थांबले, परत वळले. सत्यवतीकडे त्यांना बघता येईना. "मी तसा बोलूक नको होता," ते म्हणाले.

"तुमी काय बोलतलात," सत्यवती म्हणाली. "त्येंची जीप सुरूच होती."

गंगारामने पाइपात बोळा मारला. पावसाची झड आली. अक्षदाने पाट घेतला, पदर नाकाला लावला आणि चुलीपुढे बसली. सत्यवती पडवीत हिरव्या पाटीखाली बसून सोडणं पिंजू लागली. आतून फुंकणीचा आवाज येत होता, आखूड, घाईचा. पोरीला अजून छातीतून फुंकता येत नव्हतं, ती गालांनीच फुंकत होती. दारातून धूर बाहेर आला आणि पाटीवरून छपराकडे गेला.

मग खोकला आला. आधी एक, मग दोन, मग उबळ. सत्यवतीने हातातलं सोडण खाली ठेवलं. तो खोकला तिच्या ओळखीचा होता. कुठून निघतो, कुठे अडतो, सगळं तिला माहीत होतं. तीस वर्षांपूर्वी याच जागी, जुन्या चुलीपुढे, रविकांत पोटात असताना, तो असाच सुरू झाला होता.

ती उठली.

"खंय चललंस?" गंगाराम म्हणाला.

ती उंबरा ओलांडून आत गेली. आत धुरात अक्षदा एक हात पोटाखाली धरून बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"उठ."

"आये, डॉक्टरान तुका—"

"उठ म्हटलंय ना. भायर जा. मास्तराच्या पडवयेत बस जा. आणि तेंका सांग, खुर्चयेरची पुस्तकां काढून ठेवा, रोज येतलंय म्हणान."

अक्षदा उठली नाही. सत्यवतीने तिला दंडाला धरून उठवलं, दारापर्यंत नेलं आणि दार लोटलं. बाहेर गंगाराम काहीतरी बोलला. मग बोलायचा थांबला.

तिने पाट ओढला आणि बसली. गुडघ्यांना ती जागा ओळखीची होती. फुंकणी तोंडाला लावली. पहिला श्वास निखाऱ्यापर्यंत पोचलाच नाही. तिने थांबून दुसरा घेतला, खालून, सावकाश, आणि सोडला. सोडणं तडतडली. धूर उठला, पाइपाच्या तोंडाशी गेला, बोळ्यावर आपटला, परत फिरला आणि वर चढू लागला.

तिने पाणावलेल्या डोळ्यांनी वर बघितलं. धुरातून सहा नवे वासे दिसत होते. अजून पिवळेच होते. काळे व्हायला दोन पावसाळे लागतात.

तिने पुन्हा फुंकणी उचलली.